अपडेट नको म्हणायचा हक्क



फोन विचारतो, "नवीन अपडेट आलंय, आत्ता टाकू की रात्री टाकू?" नीट बघा, "टाकू का?" असं तो विचारतच नाही. आपल्याकडे पंगतीत पाहुण्याला "एक पोळी वाढू की दोन?" असं विचारतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की पंगतीत निदान ताटावर आडवा हात धरता येतो.

फोनवर हा आडवा हात कधी धरता येत होता, कधी येईनासा झाला आणि तो परत मिळवायला कोणाला किती भांडावं लागलं, हा सगळा इतिहास २००७ पासूनचा. म्हणजे तसा कालपरवाचाच. पण दोन देशांत पाय ठेवून राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी पहिल्या पानापासून संबंध आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला विक्रीला आला. ८ जीबीच्या फोनची किंमत ५९९ डॉलर, वर एटी अँड टीचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नसे. भारतात आयफोन अधिकृतपणे यायला २२ ऑगस्ट २००८ उजाडलं. मधल्या जवळजवळ चौदा महिन्यांत पुण्या-मुंबईत जे आयफोन मिरवले जात होते ते कोणाच्या सुटकेसमधून, चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्यांच्या शेजारी बसून गेले होते, हे या वाचकांना सांगायला नको. पण नुसता फोन नेऊन उपयोग नव्हता, कुलूप उघडायला हवं होतं. ते ऑगस्ट २००७ च्या अखेरीस न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने फोन उघडून, सोल्डरिंग करून उघडलं. सप्टेंबरमध्ये तेच काम नुसत्या सॉफ्टवेअरने होऊ लागलं आणि मग काय, गल्लोगल्ली अनलॉक करून देणारे उगवले.

यात बेकायदा काही होतं असं समजू नका. आपला फोन दुसऱ्या नेटवर्कवर नेण्यासाठी अनलॉक करायला अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्येच लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॉपीराइट कायद्यातून सूट दिली होती. मात्र ग्राहकाने उघडलेलं कुलूप कंपनीने उघडंच ठेवावं, असं त्या सुटीत कुठेही म्हटलं नव्हतं.

१८ सप्टेंबर २००७ ला लंडनमध्ये ब्रिटनच्या आयफोनची घोषणा करताना स्टीव्ह जॉब्सला अनलॉकिंगबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की हा उंदीर-मांजराचा खेळ आहे आणि त्यांना आत शिरू न देणं हे आमचं काम. २४ तारखेला ॲपलने इशारा दिला: अनलॉक करणाऱ्या प्रोग्रॅम्समुळे फोनच्या सॉफ्टवेअरची भरून न येणारी हानी होते, पुढचं अपडेट टाकलंत तर फोन कायमचा बंद पडण्याची शक्यता आहे. २७ तारखेला १.१.१ हे अपडेट आलं आणि तसंच झालं. कित्येक अनलॉक केलेले फोन नुसते एका पडद्यावर अडकून बसले. फोन नाही, गाणी नाहीत, काही नाही. अशा फोनला इंग्रजीत 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. सहाशे डॉलरची वीट.

आता यातली गंमत बघा. तेव्हा अपडेट आपोआप येत नव्हतं. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, आयट्यून्स उघडायचं, मग आयट्यून्स विचारणार आणि आपण बटण दाबणार. ज्यांनी इशारा वेळेवर वाचला ते १.०.२ वरच थांबले आणि त्यांचे फोन छान चालू राहिले. म्हणजे आडवा हात धरता येत होता. पण त्याच १.१.१ मध्ये ब्लूटूथ, मेल आणि सफारीमधली सुरक्षेची भोकंही बुजवलेली होती. अनलॉक वाचवायचा तर ती भोकं तशीच ठेवायची. औषध आणि कुलूप एकाच पुडीत बांधून दिलेलं, पुडी घ्या नाहीतर सोडा. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ या एका पुडीत आहे.

दुसरं प्रकरण आखातातलं. अमेरिकेतल्या मंडळींना ते फारसं माहीत नसतं, पण त्या वेळी दुबई-अबुधाबीत नोकरी करणाऱ्यांना नक्की आठवेल. जुलै २००९ मध्ये युएईतल्या एतिसलात कंपनीच्या ब्लॅकबेरी ग्राहकांना एक मेसेज आला: नेटवर्कची कामगिरी सुधारण्यासाठी हे अपडेट टाकून घ्या. तिथे तेव्हा ब्लॅकबेरीचे सुमारे १ लाख ४५ हजार ग्राहक होते. मेसेज खुद्द फोन कंपनीचा, त्यामुळे बहुतेकांनी मुकाट्याने टाकलं. थोड्याच वेळात फोन तापायला लागले, सकाळी भरलेली बॅटरी बघता बघता संपू लागली.

काही प्रोग्रॅमर मंडळींनी ती फाइल उघडून पाहिली. आत एसएस८ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं नाव निघालं. फोन आणि ईमेलवर पाळत ठेवण्याची यंत्रणा सरकारांना आणि टेलिकॉम कंपन्यांना पुरवणं हा तिचा धंदा. मालकाच्या ईमेलची प्रत गुपचूप दुसरीकडे पाठवायची सोय त्या 'अपडेट'मध्ये होती. बॅटरी संपत होती ती एका फालतू कारणाने. अपडेट टाकलेले सगळे फोन एकाच सर्व्हरवर नाव नोंदवायला धावले, तो सर्व्हर कोलमडला आणि फोन पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिले. तो सर्व्हर जरा दणकट असता तर हे कोणाला कधी कळलं असतं, देव जाणे. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनने जाहीर केलं की हे अपडेट आमचं नाही, आमची त्याला परवानगी नाही, हे पाळतीचं सॉफ्टवेअर आहे. ते काढून टाकायचा प्रोग्रॅमही त्यांनी दिला. एतिसलातचं म्हणणं मात्र अपग्रेड करताना किरकोळ तांत्रिक बिघाड झाला, एवढंच होतं.

काटेकोरपणे बघितलं तर ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, तिच्या कपड्यांत आलेलं दुसरंच काहीतरी होतं. पण ते चाललं कशामुळे? "अपडेट आलंय" म्हटल्यावर माणूस वाचत नाही, बटण दाबतो, या सवयीमुळे. ती सवय फोन कंपन्यांनीच लावली होती.

मधल्या काळात अगदी उलटी तक्रारही होती, तीही सांगायला हवी. २०१०-११ च्या सुमाराचे बरेच अँड्रॉइड फोन आठवा. कोणी मराठीत मेल पाठवली की पडद्यावर नुसते चौकोन. ऑक्टोबर २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये देवनागरी नीट दिसू लागली, पण ते अपडेट आपल्या फोनला मिळेलच याची खात्री नव्हती. कंपनीला जुन्या फोनवर मेहनत घ्यायची नव्हती आणि आपण मात्र चातकासारखी वाट बघत होतो. आयफोनवर मराठी कीबोर्ड आला तो १७ सप्टेंबर २०१४ च्या आयओएस ८ बरोबर. मराठी लिहिणारा माणूस ते अपडेट टाकायला पहिला धावणार, हे ओघानेच आलं. बरोबर एका आठवड्याने, २४ सप्टेंबरला, ८.०.१ आलं आणि आयफोन ६ व ६ प्लसचं नेटवर्कच गेलं, बोटाचा ठसा ओळखणंही बंद पडलं. तासाभरातच ॲपलने ते मागे घेतलं. ४० हजारांहून कमी फोनना त्रास झाला असं कंपनीने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. उत्साही माणसाला शिक्षा, आळशी माणूस सुखी!

आता मागे फिरता का येत नाही ते बघू. २००९ च्या आयफोन ३जीएसपासून ॲपलने अशी व्यवस्था केली की कुठलीही आवृत्ती फोनवर चढवताना ॲपलच्या सर्व्हरने त्या विशिष्ट फोनसाठी तिच्यावर डिजिटल सही करावी लागते. नवीन आवृत्ती आली की थोड्या दिवसांत जुनीवर सही करणं बंद. जुनी फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर असली तरी तिचा उपयोग शून्य. याला कारण आहे. चोराने जुनी, भोकं असलेली आवृत्ती चढवून फोन उघडू नये म्हणून हे केलेलं आहे. पण मालक आणि चोर दोघांनाही एकाच मापाने मोजल्यावर मालकाची परतीची वाट बंद झाली ती झालीच. पुढे २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर केबल गेली, अपडेट हवेतून येऊ लागलं. २०१३ च्या आयओएस ७ नंतर तर आपण मागितलेलं नसतानाही ते फोनवर उतरून जागा अडवून बसायला लागलं. १६ जीबीचे फोन होते ते! मुलांचे फोटो पुसायचे की अपडेटला जागा करायची, हा प्रश्न कित्येक घरांत पडला असेल.

या सगळ्यात विश्वासाला खरा तडा गेला तो २०१७ मध्ये. आयफोन ६ आणि ६एस थंडीत किंवा बॅटरी तीसेक टक्क्यांवर असताना पटकन बंद पडत. जुनी बॅटरी अचानक लागणारा जोर देऊ शकत नव्हती. जानेवारी २०१७ च्या १०.२.१ या अपडेटने हे बंद पडणं कमी झालं. कसं, ते कोणी सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये एकाने इंटरनेटवर लिहिलं की बॅटरी बदलली आणि माझा मंद झालेला फोन पुन्हा पळायला लागला. मग गीकबेंच ही फोनचा वेग मोजणारी चाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी हजारो फोनच्या मोजमापांचे आलेख काढले, आणि वेग कुठल्या अपडेटनंतर पडला ते स्वच्छ दिसलं. २० डिसेंबरला ॲपलने कबूल केलं की होय, बॅटरी जुनी झाली की आम्ही प्रोसेसर सावकाश चालवतो. २८ तारखेला जाहीर माफी, आणि ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला.

इंजिनिअर म्हणून विचाराल तर तो उपाय वाईट नव्हता. फोन मध्येच बंद पडण्यापेक्षा सावकाश चाललेला बरा. पण लाखो लोकांनी "फोन म्हातारा झाला" असं समजून नवा घेतला असणार, जेव्हा दुकानात जाऊन बॅटरी बदलली असती तरी भागलं असतं. हा नुसता तर्क नाही. २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं पत्र लिहिलं, त्यात स्वस्त बॅटऱ्यांमुळे लोकांनी नवे फोन कमी घेतले हेही एक कारण दिलेलं आहे.

मग कोर्टं आणि सरकारं जागी झाली. इटलीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी युरो दंड केला. त्याच वेळी सॅमसंगलाही ५० लाख युरो, कारण नोट ४ च्या मालकांना त्यांनी नव्या नोट ७ साठी बनवलेलं अँड्रॉइड टाकायचा सतत आग्रह केला, आणि त्याने जुन्या फोनचं काय होईल ते सांगितलं नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला २ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. अमेरिकेतला दावा ५० कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीवर मिटला आणि २०२४ च्या सुरुवातीला दावेदारांना प्रत्येकी ९२ डॉलरच्या आसपास मिळाले. तुमच्यापैकी काहींच्या खात्यात ते आलेही असतील.

त्याआधी जून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात आणखी एक निकाल लागला होता. बाहेरच्या दुकानात पडदा किंवा बटण बदलून घेतलेले आयफोन अपडेटनंतर 'एरर ५३' दाखवून मेले होते आणि "बाहेर दुरुस्ती केलीत, आता आम्ही बघणार नाही" असं किमान २७५ ग्राहकांना सांगितलं गेलं होतं. दंड ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर.

इथवर वाचून "म्हणजे अपडेट टाकूच नये" असं कोणी म्हणेल, तर थांबा. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधलं 'स्टेजफ्राइट' उघड झालं. नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून फोन ताब्यात घेता येईल अशी ती गफलत होती. त्यानंतरच गूगल आणि सॅमसंगने दर महिन्याला सुरक्षेचं अपडेट द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १४.८ घाईघाईने आलं, कारण इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस मालकाने कुठेही बोट न लावता आयफोनमध्ये शिरत होतं. अशा वेळी आडवा हात धरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आणि फोन फक्त मालकाचाच प्रश्न नसतो, हे गॅलेक्सी नोट ७ ने दाखवलं. २०१६ मध्ये हे फोन पेट घेऊ लागले, दोनदा परत बोलावले गेले, १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेत विमानात न्यायलाही बंदी झाली. तरी काही लोक फोन सोडेनात. डिसेंबरमध्ये सॅमसंगने जाहीर केलं की आता असं अपडेट पाठवतो की फोन चार्जच होणार नाही. मालकाला हे अपडेट अर्थातच नको, पण त्याच्या शेजारच्या सीटवरच्या माणसाला ते नक्कीच हवं! इथे व्हेरायझनने आडवा हात धरला. ऐन सणात, प्रवासात कोणाचा एकमेव फोन मारून टाकला आणि त्याला ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर? म्हणून त्यांनी ते अपडेट लगेच पाठवायला नकार दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये पाठवलं. मला यात दोघांचंही पटतं.

लोकांनी आपापल्या परीने पळवाटाही काढल्या. एक तर फारच मजेशीर होती. आयफोनवर ॲपल टीव्हीच्या चाचणी आवृत्तीचं प्रोफाइल टाकायचं. मग फोन स्वतःला टीव्ही समजून टीव्हीची अपडेट्स शोधत बसायचा आणि "तुमचा फोन अगदी अद्ययावत आहे" असं बिनधास्त सांगायचा. ही युक्ती काही वर्षं चालली. कोणी घरच्या राउटरवर ॲपलच्या अपडेट सर्व्हरचा पत्ताच अडवला. २०१८ च्या आयओएस १२ मध्ये आपोआप अपडेट चालू-बंद करायचं बटण आलं. २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने म्हटलं की हवं तर १४ वरच राहा, सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथेही देऊ. म्हणजे पुडी सोडून औषध वेगळं! मला वाटलं, सुटला एकदाचा तिढा. जानेवारी २०२२ मध्ये ती सोय गुपचूप बंद झाली आणि विचारल्यावर उत्तर आलं की ती तात्पुरतीच होती. दंडाच्या बातम्यांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं.

मे २०२३ मध्ये पुन्हा एक प्रयत्न झाला: सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या वेगळ्या, आणि टाकल्यावर काढताही येणाऱ्या. जुलैमधल्या १६.५.१ (अ) ने फेसबुक, झूमसारख्या काही साइट्स उघडेनात, कारण आवृत्तीच्या नावातला तो कंस त्या साइट्सना कळेना. पण लोकांनी ती दुरुस्ती चक्क काढून टाकली आणि दोन दिवसांत नवी आली. कोणाची वीट झाली नाही. काढता येणारं अपडेट हा मार्ग किती बिनधोक आहे ते यावरून कळतं. युरोपात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या विक्री कायद्याची भूमिकाही अशी आहे की अपडेट टाकायचं की नाही हे ग्राहकाने ठरवावं. मात्र परिणाम समजावून सांगूनही टाकलं नाहीत तर पुढच्या बिघाडाला विक्रेता जबाबदार नाही. हा सौदा मला रास्त वाटतो.

पण कायद्याला न जुमानता गाडी चालूच आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने २०२० च्या पिक्सेल ४ए वर आपोआप एक अपडेट पाठवलं आणि काही फोनची बॅटरी अर्ध्या दिवसातच संपू लागली. बॅटरी तापण्याचा धोका म्हणून तिची क्षमताच कमी केली होती. सोबत जुन्या आवृत्त्या साइटवरून काढल्या. भरपाई म्हणून फुकट बॅटरी, ५० डॉलर, किंवा नव्या पिक्सेलवर १०० डॉलरची सूट. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या फोन ॲपचा चेहरामोहरा बदलला, तेव्हा भारतात कित्येकांना आपला फोन हॅक झाला असंच वाटलं. तेही साहजिक आहे. सत्तरीच्या माणसाला हिरवं बटण कुठे आहे ते हाताला माहीत असतं, डोळ्याला नाही.

आणि कायमचा नकार तर कोणालाच परवडत नाही. ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या आधीच्या फोनवर व्हॉट्सॲप बंद झालं. आयफोन ६ तिथपर्यंत पोचूच शकत नाही. आपण नवा घेताना जुना आई-बाबांना दिला होता, तोच तो फोन.

म्हणून सध्या मी घरच्या फोनवर काय करतो ते सांगतो. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये फोन ॲपच्या पानावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत आपोआप अपडेटची खूण असते, ती काढून टाकतो. म्हणजे डायलर रातोरात बदलत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन आपोआप सिस्टिम अपडेट बंद करतो, दर महिन्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून एकेक टाकायला सांगतो. मोठी आवृत्ती आली की तीन-चार आठवडे थांबतो, आणि शक्य असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत, स्वतः शेजारी बसून टाकतो. आधी फोटोंचा बॅकअप, मग चार्जर लावायचा, मग बटण. झाल्यावर "आता मला फोन लावून दाखव" असं म्हणायचं आणि तो लागेपर्यंत उठायचं नाही.